कडूबाईचा दोर

कडूबाईच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून ही जन्मली तेव्हा बापाने नाव कडू ठेवलं. कडू पोर मरणाने तोंडात घातलं तरी थुंकून टाकेल, अशी जुन्या माणसांची समजूत. मरणाने तिला थुंकलं खरं, पण राजूरच्या वरच्या त्या वाडीने नावाचा अर्थ फारच मनावर घेतला. बाई आता साठीला आली तरी तिच्या दारावरून जाताना माणसं आवाज खाली करतात. ती भांडखोर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. कशावरून भांडते, ते विचारायच्या भानगडीत मात्र कुणी पडलं नाही.

पौष महिन्यातल्या एका सकाळी तिच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली आणि तिच्यातून बिभीषण उतरला. हा तिच्या नवऱ्याचा सख्खा भाचा. तालुक्याच्या अकोले गावात खेळाच्या सामानाचं दुकान, शिवाय धनुर्विद्येची अकादमी, शिवाय गळ्यात सोन्याची साखळी. मामाच्या नावावर एवढं सगळं उभं राहिलं, मामाच्या घरावरचा पत्रा मात्र तोच राहिला.

“मामी, बरी हायेस ना?”

“मेले न्हाई अजून. काय काढलंस?”

बिभीषण ओट्यावर टेकला. मामाचं वर्षश्राद्ध येत होतं. त्या दिवशी राजूरच्या मैदानावर मोठा पुण्यस्मरणाचा कार्यक्रम, मुंबईचे कुणी मोठे साहेब पाहुणे, मामांच्या हाताखाली शिकलेली झाडून सगळी पोरं, आणि साहेबांच्या हस्ते पहिला बाण. तोही मामांच्याच तिरकमठ्यातून.

“त्यो कमठा दे मामी. परत आनून देतो.”

“जिता हुता तवा त्याच्या मैदानावर प्यायचं पानी न्हाई दिलं कुनी,” कडूबाई म्हणाली. “आता मेल्या म्हशीला मनभर दूध.”

तिचा नवरा सहादेव राजूरच्या आश्रमशाळेत कामाठी होता. दोनशे पोरांचा भात-आमटी रांधायची आणि मोठमोठी पातेली घासायची, हे त्याचं सरकारी काम. खरं काम चारनंतर सुरू व्हायचं. शाळेमागच्या माळावर, म्हणजे आत्ताच्या त्या मैदानावर, पेंढ्याने भरलेलं पोतं उभं करायचा आणि पोरांच्या हातात बांबूचा तिरकमठा द्यायचा. शिकार बंद झाल्यापासून डोंगरातल्या घरोघरचे कमठे आढ्याला अडकून धूर खात होते. ते खाली काढून पोरांना खेळ म्हणून शिकवणारा त्या भागातला हा पहिला माणूस. त्याची पोरं जिल्ह्याला गेली, राज्याला गेली, कुणी पोलिसात लागलं, कुणी फौजेत. पातेली घासणाऱ्या माणसाला सगळा तालुका गुरुजी म्हणू लागला.

आणि खोटं कशाला बोला, माणूस होताच तसा. कुणावर कधी हात उगारला नाही. एखाद्याचा बाण चुकला आणि पोरगं रडवेलं झालं की म्हणायचा, “आज पोत्याला बरं न्हाई, उद्या मार.” पोरं त्याच्यावर जीव टाकायची. फक्त ह्या गोड माणसाची सगळी गोडी माळावरच सरायची. घरी आला की भाकरी खायची, बिडी ओढायची आणि भिंतीकडे बघत बसायचं. कडूबाईने चार वाक्यं बोलावीत आणि त्याने एकदा हुं म्हणावं, असा पस्तीस वर्षांचा संसार झाला.

आता तिरकमठा म्हणजे नुसता वाकवलेला बांबू नव्हे. त्याचा जीव दोरात. तिकडचा जुना दोर सुताचा नाही की नायलॉनचा नाही, तो बांबूच्याच पाठीचा. अंधाऱ्या पंधरवड्यात कळकाचा बांबू तोडायचा, म्हणजे कीड लागत नाही. त्याची वरची हिरवी पाठ अखंड सोलून काढायची. ती दोन दिवस पाण्यात, मग चुलीच्या धुरावर, आणि मग मांडीवर फडकं टाकून कोयतीने हळूहळू खरवडायची, टोकापासून टोकापर्यंत सारखी जाडी येईतोवर. एका जागी केसभर जास्त खरवडलं गेलं की दोर वाया. ओढताना तो नेमका तिथेच तुटतो आणि तुटलेलं टोक ओढणाऱ्याच्या गालावर बसतं.

सहादेवला हे उभ्या जन्मात जमलं नाही. त्याचा हात पातेल्याचा, कोयती धरली की झाडच तोडायला निघाल्यासारखा चालायचा. दोर करायची ती कडूबाई. तिला बापाने शिकवलं होतं, कारण बापाजवळ शिकवायला मुलगा नव्हता. शिकवताना त्याने दार मात्र लावून घेतलं होतं. डोंगरातला नेमच होता तसा. कमठ्याला बाईचा हात लागायचा नाही, लागला तर बाण आंधळा होतो. म्हाताऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी पोरांना माळावर पाऊल टाकू दिलं नसतं. म्हणून लग्नानंतरही कडूबाई दार लावून दोर करायची आणि सहादेव ते पिशवीत तळाला घालून वर तांदूळ टाकून न्यायचा. वर्षाला पन्नास-साठ दोर. तिच्या डाव्या हाताच्या बोटांत बांबूच्या सली घुसून घुसून कातडं असं निबर झालं होतं की भाकरी उलटताना चटका कळत नसे.

पहिली काही वर्षं तिला त्याचं काही वाटलं नाही. नेम तो नेम. पण मग पेपरात सहादेवचा फोटो आला आणि खाली लिहून आलं, की गुरुजी धनुष्य, बाण आणि दोर स्वतःच्या हातांनी घडवतात. तिने विचारलं, “असं कसं लिवलं?” सहादेव म्हणाला, “पेपरवाले काईबी लिवत्यात.” आणि भिंतीकडे बघू लागला. त्यानंतर एक दिवस माळावर पोरी आल्या. चक्क पोरी, हातात कमठे घेऊन! कुठल्याही म्हाताऱ्याने हूं की चूं केल्याचं वाडीत ऐकू आलं नाही. कडूबाईला वाटलं, झालं, नेम मोडला, आता तरी हा माणूस चार लोकांत म्हणेल की दोर माझ्या बायकोचा. ती आठ दिवस वाट बघत होती. मग महिना गेला. मग वर्ष गेलं. तालुक्यातल्या पोरी उघड्या माळावर बाण मारत होत्या आणि त्यांचा दोर करणारी अजून दाराआडच होती. एकदा तिने पंधरा दिवस कोयतीला हात लावला नाही. सहादेव बाजारातून नायलॉन घेऊन आला, त्या नायलॉनने दोन कमठ्यांच्या टोकांच्या खाचा कापून टाकल्या, तेव्हा तो दारात येऊन नुसता उभा राहिला. तिने कोयती उचलली. पण त्या दिवसापासून ती जी भांडायला लागली, ती सगळ्या वाडीशी भांडत राहिली. सहादेवशी भांडून काही उपयोगच नव्हता.

मागच्या पौषात तो गेला. सकाळी पातेली घासता घासता छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. कडूबाई ऊर फुटेस्तोवर रडली. राग असला म्हणजे रडू नये, असं कुठे लिहिलेलं नाही.

तर आता बिभीषण कमठा मागत होता.

“कमठा निऊन काय करशील? त्याचा दोर वर्साचा वाळून गेलाय. तुझ्या सायबानं वढला तर थोबाड फुटंल.”

“मग नायलॉन लावू.”

“तुझ्या अकादमीतल्या फायबरला लाव नायलॉन. ह्याला लावलास तर पाय मोडीन.”

बिभीषण हसला आणि त्याने पिशवीतून गुळगुळीत कागदाची स्मरणिका काढली. वर सहादेवचा फोटो, खाली ‘पारंपरिक धनुर्विद्येचे जनक’. मामीला वाचता येत नाही, म्हणून त्याने मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. त्यात पानभर वर्णन होतं, गुरुजी रात्रंदिवस बसून आपल्या हातांनी बांबूची प्रत्यंचा कशी घडवत.

कडूबाईने ते पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “बिभ्या, तू पाच वर्सं ह्या घरात जेवलास. दोर कोन करायचं?”

बिभीषणने मान खाली घातली. “तूच करायचीस मामी. पर आता छापून झालंय.”

“छापलेलं ऱ्हाऊ दे. माइकवर सांगशील का? सगळ्यांसमोर? दोर कडूबाईचा, एवढंच. सांगत असशील तर नवा दोर करून देते. न्हाईतर कमठा आढ्यालाच बरा हाय.”

“सांगतो की! त्यात काय!” इतक्या चटकन हो म्हटलेल्या गोष्टीवर शहाण्या माणसाने विश्वास ठेवू नये. कडूबाईने ठेवला, कारण पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी हो म्हटलं होतं.

आढ्याला मागच्या अंधाऱ्या पंधरवड्यातली एक पाठ सोलून ठेवलेली होती. तिने ती भिजवली, धुरावर धरली आणि चौथ्या दिवशी ओट्यावर उन्हात बसून कोयती चालवायला लागली. पण स्मरणिकेतलं ते पानभर वर्णन तिच्या डोक्यातून जाईना. रात्रंदिवस बसून म्हणे! आपल्या हातांनी म्हणे! मधोमध आल्यावर हात जड पडला. तिने दोर उजेडात धरला आणि तिला ती जागा दिसली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. तेवढ्यात गाडी आलीच.

“अजून एक दिस दे. दुसरा काढते.”

“परवावर कार्यक्रम आलाय मामी, ह्योच चालतोय. कोन दहा बान मारनार हाय? एकच तर मारायचा.” आणि बिभीषणने तिच्या मांडीवरचा दोर उचलला, आतला कमठा घेतला आणि गाडी वळवली. ती मागून ओरडत राहिली.

कार्यक्रमाला मंडप काय, भगवे-पांढरे पडदे काय, कमानीवर सहादेवच्या डोक्याहून बिभीषणचं डोकं मोठं असलेला फ्लेक्स काय! कडूबाई ह्या मैदानावर जन्मात पहिल्यांदा आली होती. नवऱ्याने कधी ये म्हटलं नाही आणि ती न बोलावता कुठे जाणारी नव्हे. तिला व्यासपीठावर कडेच्या खुर्चीवर बसवलं. समोर टेबलावर हार घातलेला फोटो आणि दोर चढवून ठेवलेला कमठा. पुढच्या रांगेत वाडीतले म्हातारे आणि त्यांच्या मागे पन्नास-साठ जुने विद्यार्थी, काही वर्दीत, काही पोरं कडेवर घेऊन.

भाषणं झाली. सहादेवला ज्यांनी कधी बसायला खुर्ची दिली नाही, त्यांनी त्याला ऋषी केलं, तपस्वी केलं, डोंगरातला दीपस्तंभ केलं. शेवटी बिभीषण उठला. कडूबाई खुर्चीत पुढे सरकली.

“गुरुजींनी आपल्या हातांनी घडवलेल्या ह्या प्रत्यंचेवरून आज पहिला बाण सुटणार आहे,” बिभीषण म्हणाला. “आणि त्यांच्या पाठीमागे सावलीसारख्या उभ्या राहिलेल्या गुरुमाता कडूबाई यांचा आपण साडी-चोळी देऊन सत्कार करू या.”

टाळ्या पडल्या. कुणीतरी साडीचं ताट पुढे केलं. साहेबांनी कोटाच्या बाह्या सारख्या केल्या आणि ते टेबलाकडे निघाले.

कडूबाई उठली. ताटाला वळसा घालून टेबलाशी गेली, साहेबांच्या आधी कमठा उचलला, एक टोक जमिनीला टेकवून गुडघ्याने दाबला आणि खाचेतून दोर उतरवून घेतला. पन्नास वर्षांच्या सवयीचा हात, कुणाला कळायच्या आत कमठा सरळ झाला.

“मामी, काय करती हायेस?” बिभीषण दातांत पुटपुटला.

“मागं सावलीसारखी कोन उभी हुती रं?” तिला माइकची गरज नव्हतीच. “मी घरात बसले हुते, दार लावून. ह्यो दोर माझा हाय. त्यो मेला तवापस्तोर त्याच्या कमठ्याला दुसऱ्या कुनाचा दोर लागला न्हाई. ह्यो खोटारडा ठाव असून बोलत न्हाई. साडी तुझ्या बायकोला नेसव.”

मंडपात एकच गलका झाला. म्हाताऱ्यांच्या रांगेतून कुणीतरी ‘बाईला आवरा’ म्हणालं. साहेब घड्याळ बघू लागले. बिभीषणने कपाळाचा घाम पुसत विद्यार्थ्यांकडे हात केला, “आरती, जरा मामीला खाली घे गं.”

आरती म्हणजे गुरुजींकडे शिकलेली पहिली मुलगी. आता नगरला पोलिसात आहे. ती वर आली, पण तिने कडूबाईला हात लावला नाही. तिने बिभीषणच्या हातातला माइक घेतला.

“आज्जी खरं बोलत आहेत,” ती शाळेतल्यासारखं बोलायला लागली आणि दुसऱ्याच वाक्याला घरच्या बोलीवर आली. “मी सहावीत हुते. माझा आजा मला माळावरनं वढत न्यायला आला, कमठ्याला बाईचा हात लागला मनून. गुरुजींनी त्याला सगळ्या पोरांच्या समोर इचारलं, ‘बाबा, तुमचा नातू चार वर्सं झाली बान मारतोय, त्याचा एक तरी बान आंधळा झाला का?’ आजा म्हनला, न्हाई. गुरुजी म्हनले, ‘ह्यो दोर माझ्या बायकोच्या हातचा हाय. पयल्या दिसापासनं. आता पोरीला न्यायची तर न्या.’ आजा गप खाली बसला. त्या दिसापासनं आमाला नेमच घालून दिला. कमठा हातात घेतला की आदी दोर कपाळाला लावायचा आन् कडूआयचं नाव घ्यायचं. मग बान.”

मागचे पन्नास-साठ जण उठून उभे राहिले होते. कुणी ‘व्हय’ म्हणालं, कुणी नुसता हात कपाळाला लावला. वर्दीतल्या एका धिप्पाड माणसाने तर सगळ्यांसमोर डोळे पुसले.

कडूबाई दोर हातात धरून तशीच उभी. “मग मला कुनी का न्हाई सांगितलं?”

“गुरुजींनी शपथ घातली हुती,” आरती म्हणाली. आता ती हसत होती आणि रडतही होती. “म्हनायचे, ‘तिला सांगू नका रं. ती रागात दोर करती, मनूनच त्यो असा ताठ ऱ्हातो. कवतिक केलं तर ढिला पडंल.’”

सगळा मंडप हसला. अगदी मायेने हसला. म्हातारे हसले, साहेब हसले, बिभीषणही सुटल्यासारखा हसला. गुरुजींची ती खोडी सगळ्यांना एकदम डोळ्यांपुढे दिसली.

कडूबाई हसली नाही. ती हार घातलेल्या फोटोसमोर गेली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं, पण भांडताना ती त्याला अरेतुरेच करायची.

“रागात ताठ व्हतो म्हने!” ती फोटोला म्हणाली. “अरं गाढवा, रागात हात जड पडतो. रागात केलेला एक बी दोर कवा टिकला न्हाई. ते सगळे म्या चुलीत घातले, तुला दिसू दिलं न्हाईत. तू ज्या दिशी घरात दोन शबुद नीट बोलायचास, त्या दिशी दोर सरळ उतरायचा. असा दिस गावला की म्या हातातलं काम टाकून कोयती घ्यायची. तुझी सगळी बक्षिसं त्या चार-दोन दिसांवरची हायेत. पन्नास पोरांना सांगितलंस. घरी येऊन मला येकटीला सांगायला काय जीभ झडली हुती?”

हसू कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. आरतीने माइक खाली केला.

बिभीषण हळूच जवळ आला. “मामी, आता झालं ना तुझ्या मनासारखं. सगळ्यांला कळलं. दोर दे, सायेब थांबलेत.”

कडूबाईने दोराची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि छातीसमोर ताणली. तो मधोमध कट्कन तुटला. तिने दोन्ही तुकडे बिभीषणच्या हातात ठेवले.

“ह्यो तुझं पुस्तक ऐकून केला हुता,” ती म्हणाली. “सायबाचा डोळा गेला असता. राग उतरला की दुसरा करीन आन् आरतीकडं धाडीन. कवा उतरंल ते मला इचारू नको.”

मग ती व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून राजूरच्या एसटी थांब्याकडे चालू लागली. पहिला बाण त्या दिवशी सुटला नाही.